मुंगळा एसटीच्या वेगाने धावतो तेव्हा: प्राण्यांच्या वेगाची शाब्दिक उदाहरणं पुन्हा पुन्हा चुकतात, त्यावर उपाय

पावसाळ्यात वर्गाच्या भिंतीवरून मुंगळ्यांची रांग चालली होती. ती बघूनच मी सहावीला उदाहरण घातलं: एक मुंगळा ५० सेकंदांत ४ मीटर जातो, तर एका सेकंदात किती अंतर जाईल? दहा मिनिटांनी वह्या गोळा केल्या. अर्ध्याहून जास्त वह्यांत एकच उत्तर होतं, १२.५ मीटर.

आमची वर्गखोली सहा मीटरांहून थोडीच लांब आहे. म्हणजे हा मुंगळा एका सेकंदात फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत फळ्यापाशी येतो. ताशी वेग काढला तर ४५ किलोमीटर होतो. चिपळूणहून गुहागरला येणारी एसटी वळणांच्या रस्त्यावर बहुतेक वेळा यापेक्षा सावकाश येते.

मुलांचा भागाकार मात्र चुकला नव्हता. ५० ला ४ ने भागलं की १२.५ येतात. पाढे पाठ होते, दशांश चिन्ह जागेवर होतं, वही नीटनेटकी होती. गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या शाळेत मी बरीच वर्षं गणित शिकवते आहे आणि दरवर्षी नव्या मुलांच्या वहीत मला हीच चूक भेटते. पालक विचारतात, "बाई, घरी पाढे घेतो, भागाकार घेतो, सगळं येतं. शाब्दिक उदाहरण आलं की कुठे अडतं?" तेव्हा आणखी पाढे घेऊन हे सुटणार नाही. कुठे अडतं आणि काय केल्यावर सुटतं, ते माझ्या अनुभवातून सांगते.

मूळ कारण

तिसरी-चौथीत भागाकार शिकवताना आम्ही उदाहरणं कशी घालतो ते आठवून बघा. ५६ पेरू ७ मुलांना वाटा. ९६ वह्यांचे ८ गठ्ठे करा. प्रत्येक वेळी मोठी संख्या आत, लहान संख्या बाहेर, आणि भाग नि:शेष जातो. दोन वर्षं हेच केल्यावर मुलाच्या हाताला वळण लागतं: उदाहरणात दोन संख्या दिसल्या की मोठीला लहानीने भागायचं. कोणी तसं सांगितलेलं नसतं, पण आमच्या उदाहरणांनीच ते शिकवलेलं असतं. मीही तेच शिकवत होते. मुंगळ्याच्या उदाहरणात लहान संख्येला मोठीने भागायचं होतं. ते मुलांना इतकं अनोळखी वाटलं की त्यांनी प्रश्नच उलटा करून टाकला.

१२.५ ही संख्या निरर्थक नाही, हे आधी मुलाला सांगायला हवं. ५० सेकंदांत ४ मीटर, म्हणजे एक मीटर जायला १२.५ सेकंद. उत्तर खरं आहे, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं आहे. आपल्याला हवं होतं एका सेकंदातलं अंतर: ४ ÷ ५० = ०.०८ मीटर, म्हणजे ८ सेंटिमीटर. मुंगळा एका सेकंदात वीतभराच्या अर्ध्याहून कमी जातो. हे भिंतीकडे बघितलं की पटतं.

"चूक आहे" म्हणून लाल रेघ मारली की मूल तो भागाकारच खोडतं आणि दोन्ही संख्यांचा गुणाकार करून आणतं. "हे कशाचं उत्तर आहे?" असं विचारलं की थांबतं आणि विचार करतं. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त फरक या एका प्रश्नाने पडला.

मासळीचा वाटा

एकमान पद्धत, म्हणजे आधी एकाचं काढायचं आणि मग पुढे जायचं, ही मुलांना येत नाही असं मला पूर्वी वाटायचं. एकदा शनिवारी बंदरावर मासळी घ्यायला गेले, तर माझ्या वर्गातला एक मुलगा आजीबरोबर आलेला. बांगड्यांचे वाटे लावले होते. एकीकडे शंभराला पाच, दुसरीकडे दीडशेला आठ. मुलगा आजीला म्हणाला, "आजी, इकडचा वाटा महाग पडतोय. इकडे वीसला एक, तिकडे वीसच्या आत पडतो." आजीने बांगडे उचलून बघितले, तिकडचे जरा बारीक होते, आणि तिने इकडचाच वाटा घेतला. तो त्या दोघांमधला हिशेब. मला मात्र थक्क व्हायला झालं, कारण मुंगळ्याला एसटीच्या वेगाने पळवणाऱ्यांत हा मुलगाही होता.

बाजारात त्याला कोणी सांगावं लागलं नाही की पैशांना बांगड्यांनी भाग. "एक बांगडा केवढ्याला" हा प्रश्न त्याच्या डोक्यात आधी आला, भागाकार मागून आला. वहीत उलट होतं. तिथे भागाकार आधी होतो आणि प्रश्न कोणी विचारतच नाही.

म्हणून सोमवारी मी फळ्यावर हेच वाटे लिहिले. एक बांगडा केवढ्याला? १०० ÷ ५ = २० रुपये. मग विचारलं, एका रुपयात किती बांगडा? हसू झालं, पण उत्तर निघालं: ५ ÷ १०० = ०.०५, म्हणजे बांगड्याचा विसावा भाग. दोन्ही भागाकार खरे. दोन्हीत पाच आणि शंभर हेच आकडे. फरक एवढाच की पहिल्यात "एक" बांगडा केला, दुसऱ्यात "एक" रुपया केला.

इथून वर्गाला वाक्य मिळालं: ज्याचं एक करायचं, त्याने भागायचं. एका सेकंदाचं हवं असेल तर सेकंदांनी भागायचं, एका मीटरचं हवं असेल तर मीटरांनी. कोणती संख्या मोठी, कोणती लहान, याचा इथे काही संबंध नाही. हे वाक्य नुसतं पाठ करून घेऊ नका. बांगड्यांचे वाटे आधी, वाक्य नंतर. उलट केलं तर तेही एक सूत्र होऊन बसतं आणि परीक्षेत विसरायला होतं.

वहीत करून घ्यायची गोष्ट एकच आहे. संख्या मांडायच्या आधी एक रिकामी ओळ लिहायची:

१ ______ ला किती ______ ?

मुंगळ्यासाठी मूल लिहील, "१ सेकंदाला किती मीटर?" ही ओळ भरल्याशिवाय पेन्सिल भागाकाराकडे न्यायची नाही. पहिल्या आठवड्यात मुलं कंटाळतात, पण ती भरून घ्याच.

गुणू की भागू

दर काढून झाला तरी पुढचा प्रश्न अडतोच. कासवाचं पिल्लू ६ मिनिटांत १८ मीटर जातं, म्हणजे मिनिटाला ३ मीटर. याच वेगाने समुद्र ५१ मीटर लांब असेल तर किती वेळ लागेल? निम्मी मुलं ५१ ला ३ ने गुणून १५३ मिनिटं लिहितात.

यावर मी काथ्याची दोरी वापरते. दर मीटरला एक गाठ मारलेली लांब दोरी मैदानावर पसरायची. तिसऱ्या गाठीपाशी "१ मिनिट" लिहिलेला कागद दगडाखाली ठेवायचा, सहाव्या गाठीपाशी "२ मिनिटं", नवव्या गाठीपाशी "३". मुलं चालत जातात आणि पाच-सहा कागद झाल्यावर आपणच म्हणतात, "५१ मध्ये ३ किती वेळा, तेवढी मिनिटं." सतरा. ज्या दिवशी मैदानावर पाणी असेल त्या दिवशी वहीत दोन ओळी आखायच्या, वर मीटर, खाली मिनिटं. पण एकदा तरी दोरीवर चालायला हवं. पायांनी मोजलेलं मूल सहसा १५३ लिहीत नाही.

सव्वा म्हणजे १.१५ नव्हे

ही दुसरी मोठी चूक आणि हिचा त्रास जास्त, कारण ती अंदाजाने पकडता येत नाही. बगळ्यांचा थवा १ तास १५ मिनिटांत ४० किलोमीटर उडाला, तर ताशी वेग किती? मूल लिहितं ४० ÷ १.१५ आणि उत्तर आणतं साधारण ३४.८. बगळा ताशी ३४.८ किलोमीटर उडाला म्हटलं तर कोणाला खटकणार नाही. मुंगळ्यासारखा इथे मूर्खपणा दिसत नाही. खरं उत्तर मात्र ३२ आहे.

तासाचे साठ भाग असतात, शंभर नव्हे, हे मुलांना माहीत असतं. तरी हात १.१५ लिहितो, कारण रुपये-पैसे तसेच लिहितात. उपाय आपल्या भाषेतच आहे. मुलाला विचारा, "१ तास १५ मिनिटं म्हणजे किती तास?" आणि उत्तर आकड्यात नको, बोलून दे म्हणा. ते म्हणेल, "सव्वा तास." सव्वा म्हणजे? एक आणि पाव. पाव म्हणजे? ०.२५. झालं, १.२५. ४० ÷ १.२५ = ३२. पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द घरात आजी-आजोबा दिवसभर वापरतात. हल्लीच्या मुलांना ते ऐकून माहीत असतात, पण गणिताच्या तासाला कोणी त्यांना बोलावत नाही. मी पाऊणकी, सवायकी, दीडकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे पाठ करायला लावत नाही, पण हे शब्द आकड्यांशी जोडून देते.

१ तास २० मिनिटं आली की असा एकशब्दी आधार नसतो. तिथे सरळ सगळं मिनिटांत आणायचं, ८० मिनिटं, आणि शेवटी मिनिटाच्या दराला ६० ने गुणून ताशी दर काढायचा.

निवटीच्या उड्या

खाडीला ओहोटी लागली की चिखलावर निवट्या उड्या मारत फिरतात. मासा असून चिखलावर चालणारा हा प्राणी आमच्या मुलांच्या ओळखीचा आहे, पकडायला गेलं की हातात येत नाही हेही त्यांना माहीत आहे. त्याच्यावर उदाहरण घालते: निवटी १२ सेकंदांत ८ उड्या मारते, एक उडी १५ सेंटिमीटरची, तर एका सेकंदात किती अंतर?

इथे तीन संख्या आल्या आणि "मोठीला लहानीने" चालेनासं झालं, म्हणून मुलं गोंधळतात. कोणी १२ ÷ ८ करून दीड लिहितं, कोणी ८ ÷ १२. खरी अडचण अशी की उदाहरण उड्या सांगतंय आणि विचारतंय अंतर. मी मुलांना प्रश्नातल्या गोष्टी आणि दिलेल्या गोष्टी वेगळ्या लिहायला लावते. प्रश्नात काय आहे? सेकंद आणि सेंटिमीटर. दिलंय काय? सेकंद, उड्या आणि सेंटिमीटर. उडी मधली आहे, ती आधी संपवायची. ८ उड्या म्हणजे ८ × १५ = १२० सेंटिमीटर. आता राहिलं १२ सेकंदांत १२० सेंटिमीटर, एका सेकंदात १०. परीक्षेत पावलं, पंखांची फडफड, शेपटीचे फटकारे अशी मधली गोष्ट वेगवेगळ्या वेशात येते. ती ओळखून आधी संपवली की उदाहरण पहिल्यासारखं साधं होतं.

लहान आकडा, जास्त वेग

वाळूवरच्या खेकड्यांची शर्यत. पहिला ५ सेकंदांत ८ मीटर जातो, दुसरा ४ सेकंदांत ५ मीटर. कोण वेगवान? एका मुलीने एका मीटरचा वेळ काढला. पहिल्याचा ५ ÷ ८ = ०.६२५ सेकंद, दुसऱ्याचा ४ ÷ ५ = ०.८ सेकंद. मग लिहिलं, "०.८ मोठा, म्हणून दुसरा वेगवान." दोन्ही भागाकार बरोबर आणि निष्कर्ष उलटा.

तिला मी शाळेतली धावण्याची शर्यत आठवायला लावली. शंभर मीटर कोणी पंधरा सेकंदांत संपवले, कोणी अठरा, जिंकलं कोण? ती लगेच म्हणाली, "पंधरावाली." मग खेकड्यांचं तिनेच सुधारलं. एका सेकंदाचं अंतर काढलं असतं तर १.६ आणि १.२५ मीटर आले असते आणि मोठा आकडाच वेगवान ठरला असता. दोन्ही रस्ते चालतात. फक्त रिकामी ओळ भरलेली हवी, म्हणजे आकडा वेळेचा आहे की अंतराचा हे डोळ्यांसमोर राहतं. तुलनेच्या उदाहरणात दोन्ही प्राण्यांची ओळ एकसारखी हवी, हेही तपासा. एकाचं मीटरला सेकंद आणि दुसऱ्याचं सेकंदाला मीटर काढून तुलना केलेली वही मी पाहिली आहे.

अपूर्णांक दिसला की भागाकार सोडा

डॉल्फिनला आमच्याकडे गादा म्हणतात. एक गादा ६ मिनिटांत पाऊण किलोमीटर पोहला, तर ताशी वेग? पुस्तकी पद्धतीने ३/४ ला १/१० ने भागायचं. अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागणं हे सहावीच्या मुलाला डोंगर चढण्यासारखं वाटतं, आणि "उलटा करून गुणा" कोणाला उलटं करायचं ते निम्म्या वेळा चुकतं.

इथे भागाकार नकोच. ६ मिनिटं किती वेळा घेतली की तास होतो? दहा वेळा. मग अंतरही दहा वेळा: पाऊणच्या दहापट साडेसात. ताशी साडेसात किलोमीटर. ५, ६, १०, १२, १५, २०, ३० मिनिटं आली की तासाची पट लगेच सापडते. परीक्षेत बहुतेक वेळा हेच आकडे येतात, म्हणून ही युक्ती मुलांना आधी द्या आणि अपूर्णांकांचा भागाकार सावकाश मागून येऊ द्या.

सड्यावरची गुरं

गुरं सकाळी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावर, चरायला जातात. चढाचा २ किलोमीटरचा रस्ता चढायला एक तास लागतो, उतरायला अर्धा तास. जाताना ताशी २ किलोमीटर, येताना ताशी ४. जाऊन-येऊन सरासरी वेग किती? मोठी माणसंसुद्धा ३ म्हणतात. पण एकूण रस्ता ४ किलोमीटर आणि एकूण वेळ दीड तास. ४ ÷ १.५ म्हणजे साधारण २.६७. गुरं हळू चालत होती तो वेळ जास्त होता, म्हणून सरासरी हळूच्या बाजूला झुकते. दोन दरांची बेरीज करून अर्धी करायची नाही. एकूण अंतराला एकूण वेळेने भागायचं, एवढंच सांगते आणि पुढे जाते. आठवीत हे पुन्हा येतं.

"याच वेगाने" हे दोन शब्द

आता ज्याबद्दल मला मनापासून सांगायचं आहे ते.

दोरीवरचं कासवाच्या पिल्लाचं उदाहरण मी एकदा वर्गात घातलं तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलाने उत्तर लिहिलं नाही. का विचारलं तर म्हणाला, "बाई, पिल्लू मध्येच थांबतं. मग थोडं चालतं, परत थांबतं. कसं सांगणार?" त्याच्या घरची माणसं किनाऱ्यावर कासवांची घरटी राखण्याच्या कामात आहेत. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूत साधारण दीड-दोन महिने राहतात, मग पिल्लं वर येतात आणि लाटांच्या दिशेने सरकू लागतात. हे त्याने शेकडो वेळा पाहिलेलं आहे. मी त्याला शून्य गुण दिले असते तर चूक माझी झाली असती.

एकमान पद्धत चालते ती वेग सारखा राहतो असं धरल्यावर. उदाहरणात "याच वेगाने" हे शब्द त्यासाठीच असतात आणि मुलं ते शब्द ओलांडून पुढे जातात, कारण आम्ही त्यावर कधी बोट ठेवत नाही. आता मी मुलांना त्या शब्दांखाली रेघ मारायला लावते. शब्द नसतील तर उत्तराच्या आधी लिहायचं: "वेग सारखा आहे असं धरून." त्या मुलाने पुढच्या उदाहरणात हे वाक्य लिहिलं आणि १७ मिनिटं हे उत्तरही लिहिलं.

आणि मग आमच्या किनाऱ्याचंच एक उदाहरण मिळालं. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादी कासवाच्या वल्ह्यासारख्या पायाला ०३२३३ क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावला होता. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर, सुमारे ३,५०० किलोमीटरचा प्रवास. मुलांना ही बातमी पाठ होती. मी फळ्यावर लिहिलं: ३,५०० किलोमीटर, सुमारे १,४०० दिवस. एका दिवसाला किती?

रिकामी ओळ भरली, भागाकार झाला, उत्तर आलं २.५. रोज अडीच किलोमीटर. एकही वही चुकली नाही. मग मी विचारलं, "म्हणजे कासव रोज अडीच किलोमीटर पोहतं?"

वर्ग गप्प झाला. अडीच किलोमीटर म्हणजे इथून बाजारपेठेपर्यंत, आम्ही चालत अर्ध्या तासात जातो. समुद्रात राहणारं कासव दिवसभरात तेवढंच जाईल? एक मुलगी म्हणाली, "ते सरळ आलं नसेल बाई. मध्ये खात असेल, फिरत असेल, परत गेलं असेल." अगदी तेच. तो बिल्ला नुसता धातूचा, नंबर कोरलेला. तो कासव कुठे आहे ते कळवत नाही. आपल्याला दोनच टोकं माहीत आहेत, तिकडचा मार्च आणि इकडचा जानेवारी. मधल्या १,४०० दिवसांत ती किती वेळा कुठे गेली, याबद्दल भागाकार काही सांगत नाही. २.५ हा आकडा खरा आहे, पण तो दोन टोकांमधल्या अंतराचा आणि दिवसांचा दर आहे. कासवाच्या पोहण्याचा वेग म्हणून तो वापरता येणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर "प्रथमा" नावाच्या कासवाच्या पाठीवर उपग्रहाला ठिकाण कळवणारं यंत्र बसवलं होतं. अशा यंत्राने मधली ठिकाणं कळतात, मग आज किती, काल किती, असा वेगवेगळा दर काढता येतो.

लगेच मी दुसरं उदाहरण दिलं, मुद्दाम. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाणटिवळा जातीचा, वयाने लहान असा एक पक्षी अलास्कातून निघाला आणि कुठेही न उतरता टास्मानियाला पोहोचला. १३,५६० किलोमीटर, ११ दिवस. दिवसाला किती? साधारण १,२३३. तासाला? २४ ने भागून साधारण ५१ किलोमीटर.

"बाई, इथे चोवीसने का भागायचं? गुरांना तर आपण भागलं नाही."

हा प्रश्न मला हवाच होता. पक्षी रात्रीसुद्धा उडत होता, थांबला नव्हता, म्हणून दिवसाचे सगळे चोवीस तास उडण्याचे. इथे ५१ हा उडण्याच्या वेगाच्या जवळ जातो. सड्यावरची गुरं दिवसातून दीड तास चालतात, बाकी वेळ चरतात, बसतात. त्यांच्या ४ किलोमीटरांना २४ ने भागलं तर ताशी जेमतेम १७० मीटर येतील आणि तो कुठल्याच गुराच्या चालण्याचा वेग नसेल. अलास्का कुठे, टास्मानिया कुठे ते नकाशावर शोधण्यात त्या दिवशीचा उरलेला तास गेला आणि मी तो जाऊ दिला.

उत्तर चाळून बघा

उत्तर आलं की एक शेवटचं काम. सेकंदाला मीटर असेल तर ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. मग ओळखीच्या गोष्टींशी ताडून बघायचं. माणूस भराभर चालला तर ताशी पाच-सहा किलोमीटर. चित्ता अगदी थोडा वेळ ताशी १०० च्या आसपास. मुंगळा १२.५ मीटर सेकंदाला म्हणजे ताशी ४५, हे तिथल्या तिथे पकडलं जातं. पण बगळ्याच्या १.१५ सारखी चूक या चाळणीतून सुटते, हे लक्षात असू द्या. चाळणीने मोठे खडे निघतात, बारीक वाळू राहते. तिच्यासाठी एककं पुन्हा वाचणं हाच उपाय.

घरी संध्याकाळी मूल वही घेऊन बसलं आणि अडलं तर तुम्ही गणित सोडवून देऊ नका. पहिल्यांदा विचारा, "एका कशाचं काढायचंय?" त्याने भलताच भागाकार केला असेल तर विचारा, "हे जे आलं ते कशाचं उत्तर आहे?" दोन्ही प्रश्नांना त्याने वाक्यात उत्तर दिलं की मग आकडे. पहिले काही दिवस एका उदाहरणाला वीस मिनिटं लागतील. शिष्यवृत्तीच्या तयारीत पन्नास उदाहरणं रोज सोडवायची असा धाक असतो, त्यामुळे हे जड जातं. तरी तीनच उदाहरणं घ्या, पण अशी.

सरावाला तीन देते. गोगलगाय २५ मिनिटांत २ मीटर जाते, तर एका मिनिटात किती सेंटिमीटर? (८.) घार २ तास ४५ मिनिटांत ११० किलोमीटर उडाली, तर ताशी किती? (पावणेतीन तास, म्हणून ४०.) मांजर ३ सेकंदांत २४ मीटर पळालं आणि कुत्रा ५ सेकंदांत ४५ मीटर, तर पुढे कोण, आणि उत्तर देण्याआधी काय धरून चाललात? (कुत्रा, सेकंदाला ९ मीटर. मांजर ८. दोघांचा वेग सारखा राहिला असं धरून.)